मातीच्या मूर्तीपुढे
(नभोवाणीवरील भाषण)

ज्येष्ठ-आषाढाच्या सुमारास बेळगावच्या खडेबाजारात आणि निपाणीच्या पेठेत मातीचे बैल विकावयास येतात. मराठी घरांतून बेंदराची तयारी चाललेली असते, कानडी घरांतून मण्णेत्तिन अमावास्येची. सणाचे नाव निराळे, तिथीही निराळी. परंतु दोन्ही घरचे बैल पुष्कळदा एकाच कुंभाराच्या हातचे असतात. चार आखूड पाय, वर उचललेले वशिंड, शिंगांची दोन टोके आणि डोळ्याच्या जागी काडीने उमटविलेला एक ठसा, एवढ्या सामग्रीवर हा बैल उभा राहतो. घेणारा गृहस्थ एक जोडी उचलतो, शिंग मोडलेले नाही ना एवढे पाहतो, घासाघीस करून किंमत थोडी खाली आणतो आणि बैल पिशवीत टाकतो. आपण एक शिल्पकृती विकत घेतली, असे त्याला कुणी सांगितले तर तो हसेल.

तोच गृहस्थ कधी कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात जातो. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झाले आणि सातवाहनकाळापासूनच्या वस्तीचे अवशेष हाती आले. तेथील जुन्या वस्तूंपुढे उभा राहिला की ह्या गृहस्थाचा आवाज आपोआप खाली येतो. काचेआडच्या मातीच्या तुकड्यालाही तो मान देतो, कारण तो तुकडा जुना आहे. पुढे केव्हातरी तो एखाद्या आधुनिक कलाप्रदर्शनात शिरतो. तेथे भाजलेल्या मातीचे एक मस्तक ठेवलेले असते. डोळे नाहीत, कान नाहीत, गालावर नुसते ओरखडे. तो पाटी वाचतो, पुन्हा मस्तकाकडे पाहतो आणि सोबत्याला हळूच विचारतो, "हे काय?"

बाजारात बेफिकिरी, संग्रहालयात आदर आणि प्रदर्शनात गोंधळ, असे हे तीन प्रतिसाद आहेत. माती तिन्ही ठिकाणी माती आहे आणि तिला आकार देणारी बोटेही माणसाचीच आहेत. मग एकाच माणसाचे मन तीन ठिकाणी तीन प्रकारे का वागते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर शोधावयाचे तर आरंभ मातीपासूनच करावा लागेल.

बेळगावाहून सहा-सात कोसांवर, मलप्रभेच्या काठी खानापूर आहे. तेथील तांबडी माती, कौले, विटा आणि मडकी ह्यांचा लौकिक जुना आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे शिक्षण देणारी मध्यवर्ती संस्थाही ह्याच गावी आहे. कुंभार खणून आणलेली माती वाळवितो, कुटतो, चाळतो आणि भिजत घालतो. तीत राख किंवा लीद मिसळून ती पायांनी तुडवितो. तिच्यातला प्रत्येक खडा वेचावा लागतो आणि हवेचा प्रत्येक फुगा मोडावा लागतो. वस्तू घडल्यावर ती सावलीत सावकाश वाळवावयाची. एवढे झाले तरी ती वस्तू अजून कच्चीच असते. पाण्यात टाकली की तासाभरात तिचा चिखल होतो.

हा चिखल कायमचा थांबतो तो आव्यात. मातीच्या कणांमध्ये अडकलेले पाणी उन्हाने निघून जाते, परंतु तिच्या घडणीतच गुंतलेले पाणी उन्हाला दाद देत नाही. त्यासाठी पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसच्या पलीकडचा विस्तव लागतो. ते पाणी एकदा गेले की माती पुन्हा माती होत नाही. ती फुटेल, पण विरघळणार नाही. मातीतल्या लोहाच्या अंशाला आव्यात हवा मिळाली तर वस्तू तांबडी निघते आणि धूर कोंडला तर काळी. चिनी मातीच्या भांड्यांना व झिलईच्या दगडी भांड्यांना ह्याहून कितीतरी अधिक, बाराशे अंशांच्या आसपास किंवा त्याहीवर, उष्णता द्यावी लागते. मूर्तीची तर आणखी एक अडचण असते. जाड भागात ओल राहिली की तिची वाफ होते आणि मूर्ती आव्यातच फुटते. म्हणून मोठी मूर्ती आतून पोकळ करावी लागते. दगडाच्या शिल्पात शिल्पकार शेवटचा घाव स्वतः घालतो. मातीच्या शिल्पात शेवटचा निर्णय विस्तवाचा असतो. कुंभार आवा रचून पेटवितो आणि मग त्याला वाट पाहत बसावे लागते.

ह्यामुळे मातीच्या मूर्तींचे जन्मतःच दोन वर्ग पडले. काही भाजल्या गेल्या, म्हणून शतकानुशतके टिकल्या. काही मुद्दाम कच्च्या ठेवल्या गेल्या, कारण त्या टिकाव्यात अशी कुणाची इच्छाच नव्हती. गणपतीची शाडूची मूर्ती पाण्यात विरघळावी म्हणूनच घडवितात. भाद्रपदात गणेशोत्सवानंतर उत्तर कर्नाटकात जोकुमारस्वामीची मातीची मूर्ती टोपलीत घेऊन स्त्रिया दारोदार गाणी म्हणत हिंडतात. ते दैवतही थोड्या दिवसांचेच पाहुणे असते. बेंदराचे बैल पूजा आटोपली की मुलांच्या हाती जातात. संग्रहालय पहिल्या वर्गाला ओळखते; दुसऱ्या वर्गाची त्याच्याजवळ फारशी नोंद राहू शकत नाही. जे विरघळून गेले ते काचेआड कोठून येणार? टिकले ते श्रेष्ठ आणि गेले ते सामान्य, अशी समजूत मनात रुजते ती येथून.

ह्या समजुतीला धक्का देणारी एक वस्तू महाराष्ट्राच्याच भूमीत सापडली आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ ह्या काळात उत्खनन केले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही नावे ह्या कामाशी निगडित आहेत. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे ते गाव होते. तेथील एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेली मातीची एक लंबगोल पेटी निघाली आणि तिच्यासमवेत स्त्रीमूर्ती व एक बैल निघाला. एका मूर्तीला मस्तक नाही. तिच्या पोटाला एक छिद्र आहे आणि बैलाच्या पाठीलाही एक छिद्र आहे. मधे काडी खोवली की मूर्ती बैलावर बसती होते. नवलाची गोष्ट अशी की हा सारा संच कच्च्या मातीचा आहे. विस्तव न लागलेली माती, जी एका पावसात नाहीशी व्हावयाची, ती घराच्या जमिनीत पुरून ठेवल्यामुळे तीन सहस्रके टिकली.

ह्या मूर्तीपुढे कोणता प्रतिसाद उचित? डौल, प्रमाणबद्धता किंवा अंगावरची कलाकुसर शोधणाऱ्याला येथे काहीच मिळणार नाही. हात म्हणजे दोन खुंट आणि देह म्हणजे चिमटीत दाबलेला एक गोळा. परंतु ही मूर्ती कुणाला दाखविण्यासाठी केलेली नव्हती. ती घरातल्याच कुणीतरी, घरासाठी, जमिनीखाली ठेवली होती. अपत्यजन्म, बाळंतपण, पीकपाणी ह्यांच्याशी तिचा संबंध असावा, असे अभ्यासक मानतात. ह्याच इनामगावात मृत बालकांना मातीच्या दोन कुंभांत, कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून, घराच्याच जमिनीखाली पुरीत असत. एका मोठ्या घराच्या अंगणात तर चार पायांचा मातीचा रांजण निघाला आणि त्यात मांडी घालून बसविलेला एक पुरुष होता. ज्या घरात धान्याच्या कणगीला माती, चुलीला माती आणि गेलेल्या लेकराला कुशीत घ्यावयासही मातीच, त्या घरात ही स्त्रीमूर्ती घडली. एवढे ध्यानात आले म्हणजे तिच्यातल्या हातपायांच्या उणिवा मोजण्याची इच्छा राहत नाही. पाहणाऱ्याला त्या घरातल्या एका बाईची काळजी दिसू लागते.

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील मूर्ती ह्याच्या अगदी उलट टोकाच्या आहेत. प्राचीन काळी ह्या गावाला तगर म्हणत आणि रोमन साम्राज्याशी चालणाऱ्या व्यापारात त्याचे नाव होते. रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी गोळा केलेल्या वस्तूंतून तेथे वस्तुसंग्रहालय उभे राहिले. सातवाहनकाळातील तेथील कित्येक स्त्रीमूर्ती पांढऱ्या केओलिन मातीच्या आहेत. पुढचा आणि मागचा अशा दोन साच्यांत माती दाबून, दोन्ही अर्धे जोडून त्या घडविल्या; म्हणूनच त्या आतून पोकळ आहेत. केसांची गुंफण, कानांतली जड भूषणे, गळ्यातले पदर हे सारे नखाएवढ्या जागेत स्पष्ट उमटले आहे. ही पेठेतली कारागिरी आहे. एका साच्यातून अनेक मूर्ती निघत आणि गिऱ्हाइकांकडे जात. बाहेरून साच्याची सफाई दिसते, परंतु अशा मूर्तीच्या आत माती बोटांनीच दाबावी लागते. मूर्ती फुटली की आतली ती खोलगट बाजू उघडी पडते. दर्शनी भागापेक्षा ती बाजू कधी कधी अधिक बोलकी असते, कारण तेथे कारागिराने शोभेसाठी काहीच केलेले नसते.

तेर हे संत गोरोबाकाकांचेही गाव. संतमंडळी त्यांच्या घरी जमली असता गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा महाराष्ट्रात लहानथोरांना ठाऊक आहे. कुंभार मडके पारखतो ते डोळ्यांनी नव्हे, नादाने. पक्के मडके खणखणते, कच्चे बद वाजते. ह्या कथेने कुंभाराच्या हातातले साधे अवजार माणसाच्या परीक्षेचे साधन केले. बायबलमध्येही यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी जातो आणि बिघडलेल्या भांड्याची माती पुन्हा चाकावर चढताना पाहतो. एका कथेत विस्तवाची कसोटी आहे, तर दुसरीत कच्च्या मातीला मिळालेली दुसरी संधी. कुंभारशाळेत ही दोन्ही सत्ये रोज शेजारी-शेजारी नांदत असतात.

मातीची मूर्ती किती भव्य होऊ शकते, ह्याचे उदाहरण चीनमध्ये आहे. १९७४ साली शिआनजवळ विहीर खणताना शेतकऱ्यांना सम्राट चिन शिहुआंग ह्याच्या थडग्याचे मातीचे सैन्य सापडले. हे सैनिक सुमारे आठ हजार असावेत, असा अंदाज आहे. ते माणसाच्या उंचीचे आहेत आणि त्यांच्या चेहऱ्यांत विविधता आहे. पाहणारा तेथे दिपून जातो. तमिळनाडूत गावाच्या वेशीवर अय्यनार दैवताला वाहिलेले प्रचंड घोडे कुंभार घडवितात; तेथे भव्यता आहे, पण ती एका सम्राटाची नसून सबंध गावाची आहे.

ह्या भव्यतेपेक्षा फ्लॉरेन्स येथील एक उदाहरण मनाला अधिक जवळचे वाटावे असे आहे. त्या शहरी टाकलेल्या मुलांसाठी पंधराव्या शतकात एक अनाथालय बांधण्यात आले. त्याच्या ओवरीच्या कमानींमधल्या गोल जागांत, इ. स. १४८७ च्या सुमारास, आंद्रेआ देल्ला रॉब्बिया ह्याने भाजलेल्या मातीची बालके बसविली. निळ्या झिलईच्या पार्श्वभूमीवर पांढरे बालक, कमरेखाली बाळंत्यांत गुंडाळलेले, दोन्ही हात थोडे पसरलेले. त्याचा चुलता लुका ह्याने कथिलाच्या पांढऱ्या झिलईची युक्ती शिल्पासाठी सिद्ध केली होती. तिच्यामुळे पाऊसवाऱ्यात पाचशे वर्षे काढूनही ही बालके उजळ राहिली. संगमरवर महाग आणि माती स्वस्त. ज्या लेकरांना घरात जागा मिळाली नाही, त्यांची चित्रे त्या स्वस्त मातीत घडली आणि शहराच्या एका देखण्या इमारतीच्या कपाळावर झळकली. ही मूर्ती पाहून कुणी केवळ झिलईची तारीफ करून थांबला, तर त्याने अर्धेच पाहिले असे म्हणावे लागेल.

आता त्या तिसऱ्या प्रतिसादाकडे, प्रदर्शनातल्या गोंधळाकडे, वळणे सोपे जाईल. हिंमत शाह ह्या शिल्पकाराचा जन्म १९३३ साली गुजरातेत लोथल येथे झाला. हे स्थळ सिंधू संस्कृतीच्या अवशेषांसाठी प्रसिद्ध आहे. २०२५ साली ते निवर्तले. भाजलेल्या मातीची त्यांची मस्तके विख्यात आहेत. त्यांत कुणा एका व्यक्तीचा चेहरा नाही; लांबट, खरबरीत, चिरा गेलेले आकार आहेत. उत्खननात निघालेल्या तुकड्याची कळा त्यांनी जाणूनबुजून नव्या कृतीला दिली. ज्याने इनामगावच्या मस्तकहीन मूर्तीला नाकडोळे विचारले नाहीत, त्याने ह्या मस्तकालाही ते विचारू नयेत. काळाच्या हातून काय झिजते आणि झिजूनही काय शिल्लक राहते, हाच त्या मस्तकांचा विषय आहे.

के. जी. सुब्रमण्यन् ह्यांनी मातीला निराळेच काम सांगितले. १९७१ साली बांगला देशात जो संहार झाला, त्याला उत्तर म्हणून त्यांनी भाजलेल्या मातीची उठावशिल्पे केली. त्यांत छातीवर पदके मिरविणारे सेनानी आहेत आणि त्यांच्या भोवती तुटलेले मानवी अवयव आहेत. ह्या विषयाला माती किती समर्पक, हे पाहताक्षणी पटते. ब्राँझचा सेनानी चौकात उभा राहून सलामी घेतो. मातीचा सेनानी कितीही पदके लावो, तो ठिसूळच दिसतो. कापलेली, दुमडलेली, चिमटलेली माती मांसासारखी भासते आणि पाहणारा अस्वस्थ होतो. कलावंताला नेमकी तीच अस्वस्थता अभिप्रेत होती. येथे "सुंदर" हा शब्द तोंडातून निघाला नाही, तर पाहणाऱ्याने स्वतःला अरसिक समजू नये.

ह्या साऱ्यातून पाहणाऱ्याच्या हाती एक साधी कसोटी येते. मातीच्या कोणत्याही मूर्तीपुढे उभे राहिल्यावर ती किती जुनी आहे किंवा किती हुबेहूब आहे, हे नंतर विचारावे. प्रथम विचारावे, ती कशासाठी घडली? ठेवण्यासाठी की सोडण्यासाठी? घरासाठी, पेठेसाठी, राजासाठी की सद्सद्विवेकाला टोचण्यासाठी? हेतू कळला की कोणत्या मापाने मोजावयाचे ते कळते. सम्राटाच्या सैन्याचे माप बेंदराच्या बैलाला लावले तर बैल खुजा ठरेल. आणि बैलाचे माप सैन्याला लावले तर विरघळून मोकळे होण्याचे जे भाग्य बैलाला लाभते, ते त्या आठ हजारांना लाभले नाही, असेही म्हणता येईल.

ही केवळ रसिकतेची गोष्ट असती तर ती एवढ्यावर संपविता आली असती. परंतु ह्या प्रतिसादांवर काही माणसांची भाकरी अवलंबून आहे. पत्र्याची, मग प्लास्टिकची भांडी आली आणि मडक्यांचा खप घटला. मूर्तींच्या बाबतीत प्लास्टर ऑफ पॅरिसने मातीची जागा घेतली. साच्यात ओतले की झाले, न तुडविणे न वाळविणे. ते पाण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली मूर्तिविसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत नैसर्गिक मातीचा आग्रह धरला. खादी व ग्रामोद्योग आयोगाने कुंभारांना विजेची चाके देण्याची योजना २०१८ पासून चालविली आहे. ह्या गोष्टी स्वागतार्ह खऱ्या. पण चाक फिरविणाऱ्याला पुढची पिढी मिळावयाची, तर त्याच्या कामाला समाजात मान हवा आणि पदरात मोबदला पडावयास हवा. कुंभाराचा मुलगा शाळा शिकून दुसऱ्या धंद्यात गेला तर त्याला दोष देता येत नाही. बापाच्या हातच्या बैलाची किंमत लोक कशी पाडून मागतात, ते त्याने लहानपणापासून पाहिलेले असते.

हा प्रश्न शाळेतही पोहोचतो. एके काळी प्राथमिक वर्गांत मातकामाचा तास असे; मुले ओल्या मातीची फळे करीत, पक्षी करीत. तो तास पुष्कळ ठिकाणी लोपला आहे. ज्या बोटांनी कधी मातीचा गोळा दाबला नाही, त्या बोटांच्या धन्याला तेरच्या मूर्तीच्या आतला बोटांचा दाब कसा उमगावा? एखाद्या वर्गाला खानापूरच्या आव्यापाशी एक दिवस नेले आणि प्रत्येक मुलाला एक ओबडधोबड बैल करू दिला, तर संग्रहालय पाहण्याची ती उत्तम पूर्वतयारी होईल. ज्या मुलाचा बैल वाळताना तडकला असेल, त्याला इनामगावचा बैल पाहून हसू येणार नाही.

नाताळात ख्रिस्ती घरांतून गोठा मांडतात. त्यातल्या मेंढपाळांची, गाढवाची, बैलाची मातीची चित्रे वर्षभर पेटीत गुंडाळून ठेवलेली असतात. एखाद्याचा कान उडालेला, एखाद्याचा रंग गेलेला. तरी ती टाकून देववत नाहीत. शेजारच्या घरी शाडूचा गणपती दीड दिवसात किंवा अनंतचतुर्दशीला निरोप घेतो आणि तो निरोपही तितक्याच मनापासून दिला जातो. एक घर मातीला जपते, दुसरे तिला सोडते. माया दोन्हीकडे सारखी आहे. खडेबाजारात दोन्ही घरची माणसे एकाच वाटेने ये-जा करतात.

संग्रहालयातल्या मातीच्या मूर्तीखाली पाटी असते. तिच्यावर काळ असतो, स्थळ असते, पण घडविणाऱ्याचे नाव नसते. ते आता कुणालाच ठाऊक नाही आणि कधी कळणारही नाही. बाजारातल्या बैलावरही नाव नसते, परंतु त्याचे कारण निराळे आहे. तेथे नाव कुणी विचारलेलेच नसते. घडविणारा किंवा घडविणारी मात्र बैलांच्या राशीपाशी बसलेली असते. पुढच्या बेंदराला जोडी घेताना किमतीची घासाघीस न करता, माती कोठची, बैल कुणी केले आणि घरात आता हे काम कोण शिकत आहे, एवढे तीन प्रश्न गिऱ्हाइकाने विचारावेत. हजारो वर्षांपूर्वीच्या कारागिराविषयी जो आदर मनात दाटतो, त्याचा थोडासा हिस्सा तेव्हा योग्य माणसाच्या पदरात पडेल.